गाडीत झोपलेली माणसं

बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षी, दिवाळीच्या सुट्टीत, मला चार दिवसांसाठी एक गाडी मिळाली. माझ्या गॅरेजवाल्या मित्राने नगरला लष्कराच्या लिलावात एक जुनी अ‍ॅम्ब्युलन्स घेतली होती. लाल क्रॉसवर त्याने हिरवा रंग फासला होता, पण उन्हात क्रॉस खालून डोकावायचाच. आत एक रुंद फळी, स्टोव्हसाठी खोका, पाण्याचा डबा आणि खिडक्यांना पडदे.

"परदेशात लोक असेच हिंडतात," तो म्हणाला.

परदेशातल्या लोकांना घरीही स्वतंत्र खोली असते, हे मी त्याला सांगितलं नाही. आमच्या लग्नाला आठ महिने झाले होते आणि दोन खोल्यांत आम्ही सात माणसं. बायकोशी मी जे काही बोललो होतो, ते उरलेल्या पाचांनीही ऐकलं होतं. घरी मी गोदावरीचा घाट, जुनी देवळं असं सांगितलं. इतिहासाच्या मास्तराला ते शोभलं. मला बघायची होती ती फक्त फळी.

पुणतांब्याला पोचलो तेव्हा ऊन कललं होतं. घाट सुंदर आहे म्हणतात. मी सूर्य कधी बुडतो ते बघत होतो, त्यामुळे घाटाकडे लक्ष गेलं नाही. बायकोने स्टोव्ह पेटवला तोच एक शेतकरी आला.

"पेशंट कुठाय?"

"पेशंट नाही. मी नगरला मास्तर आहे. आम्ही फिरायला आलोय, गाडीतच झोपणार."

"गाडीत?" त्याने आवाज खाली आणला. "का वं मास्तर, गावात घरं न्हाईत व्हय? पावना रस्त्यावर झोपला तर लोक आमच्या तोंडात श्यान घालतील. चला, वैनी, उठा."

स्टोव्ह विझला. बायको माजघरात बायकांमध्ये, मी ओट्यावर बाप्यांमध्ये. गाडीला राखण हवी म्हणून त्याचे वडील फळीवर जाऊन झोपले. सकाळी म्हातारबा खुशीत होते.

"लई झ्याक झोप लागली. असलं अंथरून म्या जल्मात न्हाई बघितलं."

ती गोधडी बायकोने महिनाभर खपून शिवली होती. तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

दक्षिणेकडे जाताना वाटेत नगर लागतं. स्वतःच्या गावातून आम्ही चोरासारखे, माना खाली घालून निघालो. कर्जतला माझे एक जुने मुख्याध्यापक होते. त्यांनी गाडी पाहिली आणि तासाभरात माझा सत्कार ठरवला. भाषणात मी 'ज्ञानयात्री' झालो. शाल खांद्यावर आली आणि पुढच्या सत्काराला लागणार म्हणून परतही गेली. मुक्काम अर्थात त्यांच्या घरी. गाडीत शाळेचा शिपाई झोपला.

"फळी जरा आखूड हाय, सर," सकाळी त्याने तक्रार केली.

तिसऱ्या संध्याकाळी मुद्दाम आडबाजूचं देऊळ गाठलं. पुजाऱ्याने आम्हाला घरी नेलं. राखणीला त्याचा मेहुणा होताच. तोवर माझी अवस्था अशी झाली होती, की वाटेत कुणी नमस्कार केला तरी मी गाडीचा वेग वाढवायचो.

चौथ्या दिवशी दुपारी केडगाव आलं. घर चार मैलांवर. आई चहा टाकून वाट बघत असणार.

"थांबवा," बायको म्हणाली.

"इथं? इथं पाहण्यासारखं काय आहे?"

"काही नाही. म्हणूनच."

लिंबाखाली गाडी उभी केली. तिने चारही पडदे ओढले, गोधडी झटकली आणि उलटी करून अंथरली. आम्ही आडवे होतोय न होतोय तोच पत्र्यावर थाप पडली.

"पेशंट हाय का आत?"

मी उठायला लागलो. तिने माझा दंड धरून खाली दाबलं.

"आहे," ती आतूनच म्हणाली. "आत्ताच डोळा लागलाय. डॉक्टरांनी उठवायचं नाही म्हणून सांगितलंय."

"आरं आरं. झोपू द्या, झोपू द्या." मग तो कुणावर तरी दबक्या आवाजात खेकसला, "ए, बैल लांबनं घे. मानूस आजारी हाय."

दोन तास कुणी फिरकलं नाही. आम्ही हळू आवाजात किती बोललो, आणि मधे केव्हा झोपलो, ते आठवत नाही. उठून दार उघडलं, तर बॉनेटवर कागदात गुंडाळलेली चार मोसंबी ठेवलेली होती. आसपास कुणीच नव्हतं.

मला लाज वाटली. बायकोने तिथेच उभ्याने एक सोलायला घेतलं.

"खा," ती म्हणाली. "पेशंटसाठी आहेत."