सैल गाठ

बंगळूरच्या सॉफ्टवेअर कंपनीत मला नोकरी लागली, तेव्हा शनिवार पेठेतल्या घरातलं सामान बांधायला एक माणूस आला होता. पन्नाशीचा, लोणी काळभोरचा. नाव मी विचारलंही नाही. खोक्यावर गुडघा रोवून तो सुतळी आवळायचा आणि गाठीवर थाप मारून म्हणायचा, "आता बंगळूरपातूर सुटत न्हाय."

वडिलांची दाढीची पेटी, आरसा, जुने चष्मे त्याने वेगळ्या खोक्यात भरले. "साहेब, हे तिथं पहिलं उघडा. म्हाताऱ्या माणसाला आपल्या वस्तू दिसल्या की नवं घर परकं वाटत न्हाय."

वडील खुर्चीतून म्हणाले, "अहो, बंगळूरला चिरंजीव निघालेत. आम्ही धायरीपर्यंतच, वृद्धाश्रमात. तेवढ्याला रिक्षा पुरते."

त्याने माझ्याकडे पाहिलं नाही, हे त्याचे उपकार. त्याने ते खोकं पुन्हा जवळ ओढलं, आवळलेली गाठ दातांनी सोडवली आणि टोक ओढताच सुटेल अशी नवी गाठ मारली.

"आजोबा, ओढून बघा बरं. तिथं तुम्हालाच सोडायची हाय."

वडिलांनी दोन बोटांनी टोक ओढलं. सुतळी सुटली.

"जमलं की," ते म्हणाले. त्याने ती पुन्हा तशीच बांधून दिली.

आश्रमातलं जेवण, पाणी, डॉक्टर, सगळं मी दोन महिने तपासत होतो. हे खोकं तिथे कोण सोडणार, हे मात्र माझ्या मनातही आलं नव्हतं.