अंगणात जोडलेला संगणक

सानिका, चिन्मय, गेल्या रविवारी तुम्ही फोनवर विचारलंत, “आजी, कंपनीचा तयार संगणक घ्यावा की सुटे भाग आणून आपणच जोडावा? बाबा म्हणाले, आजीला विचारा.” बाबांनी ते गमतीने म्हटलं असेल. मला मात्र गंमत वाटली नाही. या प्रश्नाचं उत्तर मी लातूरला असताना एका माणसाच्या बाबतीत दिलं होतं, आणि त्याचं पुढे काय झालं ते तुमच्या बाबांनाही पूर्ण ठाऊक नाही. माझं अक्षर अजून वाचता येतं आहे, तोवर लिहून ठेवते.

जमीलभाई आमच्या घरात कधीच आले नाहीत. क्लासेसच्या गल्लीत, जिथे महिन्याला एक नवी पाटी लागत होती, तिथे पत्र्याच्या एका खोलीत त्यांचं दुकान होतं. पूर्वी ते टेप आणि रेडिओ दुरुस्त करत, आता संगणक जोडून देत. दुकानातल्या एकाही पेटीला झाकण नसे. तुमचे बाबा तेव्हा बारावीत होते. मी माझ्या सवयीप्रमाणे वहीत दोन रकाने आखून घेऊन गेले होते, ‘तयार’ आणि ‘जोडलेला’. जमीलभाईंनी वही उलटी धरून पाहिली आणि परत दिली.

“मॅडम, तयार डब्ब्यावर सील ऱ्हातंय. सील तोडलं की वॉरंटी गेली. म्हंजे डब्बा तुमचा, पन उघडायचा न्हाई. आसला माल कशाला घ्यावा?”

“आणि तुमच्या मालाची वॉरंटी?”

“मी हाय की! पळून चाललो का?”

ठरल्या दिवशी ते सगळे भाग कापडात बांधून घेऊन आले आणि फाटकातच थांबले. मी आत बोलावलं, तर त्यांनी घराकडे वर पाहिलं. “वर स्लॅब हाय मॅडम. हितंच बरं.” मग अंगणात बाज टाकली आणि तिच्यावर आमचा पहिला संगणक जोडला गेला. शेजारच्या काकूंनी कुंपणावरून विचारलं, “संगणक वाळत घातला का हो, मॅडम?” जमीलभाईच उत्तरले, “हाव, पापडासंगं उचलून नेऊ!”

त्यांची एक रीत होती. घेणाऱ्याने स्वतःच्या हाताने झाकण तीनदा उघडून लावून दाखवल्याशिवाय ते संगणक चालू करून देत नसत. तुमच्या बाबांनी उघडलं, मग मला उघडायला लावलं. मी म्हटलं, मला काय गरज? चहाचा कप बाजेखाली ठेवून ते म्हणाले, “गरज पडंल तव्हा शिकायला टाइम नसतो.” मग स्क्रू आवळता आवळताच त्यांनी सांगितलं. त्र्याण्णवच्या भूकंपाच्या पहाटे ते सुटे भाग आणायला गेलेले, नांदेडला होते. औशाकडच्या त्यांच्या गावात दगडामातीचं घर बसलं, आत बायको आणि दोन मुली. “दुपारपतुर आतून ठकठक यायची. मी सकाळीच परतून हातानं दगड काढीत होतो. मंग ठकठक थांबली.” एवढं बोलून त्यांनी स्क्रूड्रायव्हर पुसून ठेवला.

दोन वर्षांनी मी शिकवत होते त्या महाविद्यालयाला वीस संगणक घ्यायचे ठरले आणि खरेदी समितीत मी होते. पुन्हा दोन रकाने आखले. दुसऱ्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेत देखभालीला याल का, असं मी जमीलभाईंना विचारलं, तर ते म्हणाले, “न्हाई जमणार.” मी ‘जोडलेला’च्या रकान्यात ‘देखभाल नाही’ असं लिहिलं. सीलबंद पेट्या आल्या. जमीलभाईंनी तक्रार केली नाही.

मग बारावीच्या प्रात्यक्षिकांचे गुण पाठवायच्या आदल्या दिवशी, ते गुण ज्या संगणकात होते तो चालू होईना. दुसरी प्रत मी काढलेली नव्हती. कंपनीचा माणूस औरंगाबादहून आठ दिवसांनी येणार होता. मी जमीलभाईंकडे धावले. ते म्हणाले, “खाली आना, पाच मिनिटात बघतो.” पण लेखी परवानगीशिवाय संगणक प्रयोगशाळेबाहेर न्यायचा नाही असा नियम होता, प्राचार्य मुंबईला गेले होते, आणि नियम मीच लिहिलेला होता. मी म्हटलं, “तुम्हीच वर चला. पोरांच्या वर्षाचा प्रश्न आहे.”

ते आले. जिना चढताना एक हात भिंतीवर होता, आणि प्रत्येक वळणावर ते बोटांनी भिंत वाजवून ऐकत होते. वर पोचले तेव्हा सदरा घामाने अंगाला चिकटला होता. “सील हाय. तोडू?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, “तोडा.” त्यांनी मेमरीची पट्टी काढून खोडरबराने घासली, परत बसवली आणि संगणक सुरू झाला. मी गुण फ्लॉपीवर घेईपर्यंत ते खाली गेले होते. मैदानातल्या नळाखाली डोकं धरून कितीतरी वेळ बसून राहिले.

महिन्याभरात तोच संगणक जळाला. कंपनीच्या माणसाने तुटलेलं सील पाहून वॉरंटी नाकारली. प्राचार्यांनी खुलासा मागितला. माझं निवृत्तीवेतन दोन वर्षांवर आलं होतं. मी लिहिलं, ‘स्थानिक कारागिराने परवानगीविना पेटी उघडली असावी असे दिसते.’ वाक्यात एकही चूक नव्हती.

जमीलभाईंना काम देऊ नये अशी सूचना महाविद्यालयाच्या फलकावर लागली. ती वाचून क्लासेसच्या गल्लीत लोक बोलू लागले, हा सील तोडून पार्ट बदलतो. गिऱ्हाईक तुटलं. एक दिवस ते फाटकात येऊन उभे राहिले.

“तुम्ही लिवलं का, मॅडम?”

“हो.”

“बरं. तुमची नोकरी हाय.” मग म्हणाले, “पन मी आत आलतो ना, मॅडम? तुम्ही बोलिवलं, तर आलतो ना?”

मी होकाराची मान हलवली.

दुकान बंद करून ते लोह्याला बहिणीकडे गेले. निवृत्त झाल्यावर मी प्राचार्यांना खरं काय ते लिहून पाठवलं आणि त्या पत्राची प्रत घेऊन लोह्याला गेले. बहीण दारातच भेटली. जमीलभाई त्या पावसाळ्यात छातीच्या दुखण्याने गेले होते. “भाईजान पावसातबी अंगणातच झोपायचे,” ती म्हणाली. “लई हात जोडले, आत चला. न्हाई म्हणले. एकदा आत जाऊन काय मिळालं, म्हणले.” तिला वाचता येत नव्हतं. मी पत्र वाचून दाखवलं. तिने ते घडी करून परत माझ्याच हातात दिलं.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचं उत्तर: जो परवडेल तो घ्या, पण उघडायला शिका, आणि उघडायला तुम्ही सांगितलं असेल तर तसं लिहून द्या.

अंगणातल्या त्या संगणकाचे आतले भाग एकेक करून बदलले गेले. पडदा गेला, कळफलक गेला. पेटी माझ्या टेबलाखाली आहे. तिचं डावं झाकण अजून हाताने निघतं.