ब्रेकमधलं काळं तेल

रविवारी सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये मी गाडीचं ब्रेक ऑइल बदलायला बसलो. बायको आत बसून ब्रेक दाबत होती आणि मी चाकामागचा नट सैल करून जुनं तेल बाटलीत काढत होतो. फिकट पिवळं असायला हवं ते तेल गटारासारखं काळं निघालं, खाली गाळ. थोडं मनगटावरून बाहीत ओघळलं आणि मला शिसारी आली.

"अहो, गॅरेजवाले दर सर्व्हिसिंगला बदलतात ना?" तिने विचारलं.

"फक्त बिलावर बदलतात."

याच ब्रेकवर आम्ही लेकीला घेऊन घाट उतरलो होतो. चारही चाकांतून स्वच्छ तेल येईपर्यंत आम्ही थांबलो नाही.

सोमवारी गॅरेजच्या मालकाला बाटली दाखवली. "थोडं काळं होतंच, साहेब," तो चहा पीत म्हणाला. त्याच्याशी भांडायचीही मला किळस वाटली.