पेन्सिलीची फुली

नारायणगुड्यातल्या आमच्या मराठी वाचनालयाचे कारकून रहस्यकथेतला खुनी ज्या पानावर ओळखतात, तिथं पेन्सिलीनं फुली मारतात. एका विज्ञानकादंबरीतला खुनी तर त्यांनी यान मंगळाकडे उडायच्या आतच धरला. मग "लेखक एकदम हौला, येडा आहे साहेब, खून डॉक्टरनंच केला!" असं ओरडतात, की मलकपेठेतले शर्यतीचे घोडे बिचकावेत.

काल त्यांच्या हाती माझीच पहिली रहस्यकादंबरी होती. चाळिसाव्या पानावर पेन्सिल उचलली गेली. माझ्या छातीची धडधड सिकंदराबाद स्टेशनात ऐकू गेली असेल. पेन्सिल कागदाला टेकली, थांबली आणि परत कानामागे गेली. त्यांच्या चहावर साय धरली.

शेवटी न राहवून मी विचारलं, "कळला का खुनी?"

मान वर न करता ते खेकसले, "नक्को साहेब! नाव सांगू नका."