रिकाम्या बर्फातला रेणू

आमच्या सरांना जे बघायचं असेल ते हमखास दिसायचं. मरोळच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या लहानशा प्रयोगशाळेत त्यांना पाठीमागे सगळे 'दिव्यदृष्टी' म्हणत. त्यांना हे नाव कळलं होतं आणि ते कौतुक आहे अशी त्यांची समजूत होती. यावरून माणसाची कल्पना यावी.

प्रथिनाचे रेणू पातळ बर्फात गोठवून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्यांची चित्रं घेतात. चित्रं कसली, केबल गेलेल्या टीव्हीसारखा नुसता करडा रवा. अशा हजारो चित्रांतला कुठला रेणू उताणा, कुठला पालथा, हे संगणकाने ओळखायचं, सारखे एकत्र करायचे आणि त्यातून रेणूचा खरा आकार उभा करायचा, हे आमचं काम. सुरुवातीला संगणकाला एक अंदाजी आकार द्यावा लागतो. शहाणी माणसं तो मुद्दाम ओबडधोबड, गोळ्यासारखा देतात.

दिव्यदृष्टींना एवढा धीर कुठला? आमच्या प्रथिनाच्या एका भाऊबंदाचा आकार परदेशात कुणीतरी आधीच शोधला होता. तोच नीटनेटका आकार ते संगणकाच्या पुढ्यात ठेवायला लावत. "अगं, उत्तर माहीत असताना आंधळी कोशिंबीर कशाला खेळायची?" मग उत्तरही तेच येई आणि सर खुर्चीत मागे रेलून म्हणत, "बघ, म्हटलं नव्हतं?" आलेला आकार तपासायला त्यांना दोन मिनिटं पुरत. त्याला रंग कुठला द्यायचा यावर मात्र दोन-दोन दिवस खल चाले.

माणूस प्रेमळ होता, हे नाकारत नाही. मी तापाने पडले तेव्हा ते शहाळी घेऊन दहिसरला आमच्या चाळीत आले होते. आईला म्हणाले, "पोरगी डॉक्टर झालीच म्हणून समजा." आईने संध्याकाळपर्यंत सगळ्या मजल्याला ही बातमी दिली. माझा पीएचडीचा प्रबंध त्याच रेणूवर होता आणि त्यात माझी तीन वर्षं गेली होती.

शंका काढली ती आमचे संगणक सांभाळणाऱ्या गावडेकाकांनी. काका मालवणचे, विज्ञानाशी त्यांचा संबंध वायरींपुरता. एकदा पडद्याकडे बघत म्हणाले, "अगो, तुमचे सगळे रेणू एकाच साच्यातले कशे गो येतत?"

मी हसले, पण ते डोक्यात राहिलं. मग जिथे रेणू नव्हताच, नुसता बर्फ होता, अशा जागांची चित्रं कापून मी संगणकाला दिली. सुरुवातीला सरांचाच आकार ठेवला. दोन दिवसांनी रिकाम्या बर्फातून आमचा रेणू जसाच्या तसा बाहेर आला. म्हणजे चित्रं कुठलीही द्या, संगणक आम्हीच दाखवलेला आकार त्या रव्यातून वेचून परत देत होता.

सरांना काही न सांगता मी तो पडद्यावर लावला. "झकास!" ते ओरडले. "याच्या कडा तर आधीपेक्षा स्वच्छ आल्यात. कुठला डेटा हा?"

"सर, यात रेणू नाहीच. नुसता बर्फ आहे."

ते पडद्याजवळ वाकले. क्षणभरच. मग म्हणाले, "म्हणजे बर्फातही थोडं प्रोटीन राहिलेलं दिसतंय."

त्या रेणूवरचा शोधनिबंध त्यांनी त्याच आठवड्यात धाडला. माझं नाव मी काढायला लावलं. ते चिडले असते तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी माझ्या खांद्यावर थोपटलं. "तुझी नजर अजून तयार नाही झाली, बाळ." इतका ठार आंधळा माणूस मी दुसरा पाहिला नाही. मी मरोळ सोडलं, दुसरे मार्गदर्शक शोधले आणि प्रबंध पहिल्या पानापासून पुन्हा सुरू केला.

आईला हे सांगणं सर्वांत अवघड गेलं. ती मेथी निवडत होती. सरांचा उद्धार करत मी सगळं सांगितलं, अगदी त्यांची नक्कलसुद्धा करून दाखवली. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"त्यांना नाही कळलं, हे समजलं," ती म्हणाली. "पण तीन वर्षं तूपण रोज तेच बघत होतीस ना गं?"

मला तो रेणू रोज दिसायचा, आणि फार सुंदर दिसायचा.