एकसष्ट वाकडे ठोकळे

आमच्या घरी येणारा पाहुणा पाणी प्यायच्या आधी हॉलच्या भिंतीकडे बघतो आणि विचारतो, "हे काय आहे?"

ते मी केलेलं लाकूडकाम आहे. वाळूजच्या कंपन्यांत मशिनं ज्या लाकडी खोक्यांतून येतात, त्यांच्या फळ्या मी भंगारवाल्याकडून आणते, कापते, घासते आणि त्यांचे तुकडे शेजारी शेजारी बसवते. त्यात हत्ती नसतो, गणपती नसतो, झाडही नसतं. याला मराठीत अमूर्त म्हणतात हे मला, इंग्रजी शाळेत शिकल्यामुळे, फार उशिरा कळलं. कळल्यावर तो शब्द मी एकदाच वापरला. काका म्हणाले, "असं होय. बरं. चहा टाकलाय ना?"

तेव्हापासून मी गप्प बसते आणि उत्तरं आई देते. मावशीला तिनं दौलताबादचा किल्ला सांगितला. शेजारच्या काकूंना उसाचं शेत. गॅसवाल्याला म्हणाली, "अजून पूर्ण व्हायचंय."

"खोटं कशाला सांगतेस?" मी विचारलं.

"तू खरं सांगत नाहीस म्हणून. माणूस एवढं विचारतोय, त्याला काहीतरी द्यायला नको?"

मग आईच्या ओळखीच्या एक दातांच्या डॉक्टर घरी आल्या. त्यांनी भिंतीकडे पाहिलं आणि चक्क काहीच विचारलं नाही. "माझ्या नव्या दवाखान्यात असं एक मोठं करून देशील?" एवढंच म्हणाल्या. घराबाहेरची माझी ही पहिली भिंत. महिनाभर खपून मी एकसष्ट ठोकळे केले आणि मोठ्या प्लायवर मागून एकेका स्क्रूनं बसवले. प्रत्येक ठोकळा एकाच बाजूला कललेला, पण कुणी कमी, कुणी जास्त. गोंद लावला नव्हता, कारण शेवटपर्यंत कोन बदलत बसायची मला सवय आहे.

फ्रेम करणं मात्र माझ्या आवाक्याबाहेरचं होतं. म्हणून मी ते गल्लीतल्या मिस्त्री चाचांच्या दुकानात नेलं. चाचांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"क्या है बेटा ये? जाली?"

मी मान हलवली. ती हो म्हणून हलली की नाही म्हणून, हे मलाही सांगता येणार नाही. फ्रेम करायची, पक्का गोंद लावायचा, रविवारी दवाखान्यात टांगायचं, एवढं मी घरून पाठ करून गेले होते. ते म्हणून टाकलं आणि निघाले.

शनिवारी दुपारी गेले तर चाचा दारातच हसत उभे. आत माझे एकसष्टच्या एकसष्ट ठोकळे शाळेत प्रार्थनेला उभे राहिल्यासारखे ताठ, सरळ, एका रांगेत.

"पूरा टेढा बैठा था बेटा," चाचा हळू आवाजात म्हणाले. दुकानात गंगापूरकडचे एक बाबा दाराच्या चौकटीसाठी थांबले होते. माझी फजिती त्यांना कळू नये म्हणून हा हळू आवाज. "किसीकू नै बोला मैं. सुबह से एक एक को गुण्या लगाके सीधा किया."

गुण्या म्हणजे काटकोन तपासायचं त्यांचं लोखंडी अवजार. ते त्यांनी मला कौतुकानं दाखवलं.

"छान," मी म्हणाले.

"बस, अब खाना खाता, फिर गोंद मारता. उसके बाद भूकंप आया तो भी नै हिलता!"

मी स्कूटीवर बसले आणि चौकापर्यंत गेले. गोंद सुकला की माझं महिन्याचं काम दवाखान्याच्या भिंतीवर जन्मभर प्रार्थना म्हणत उभं राहणार होतं. परत वळले. दुकानासमोरून सरळ पुढे गेले. पुन्हा वळले. तिसऱ्या फेरीला वाटलं, नुसतंच आत कसं जायचं, काहीतरी कारण हवं. म्हणून गाड्यावरून दौलताबादची सीताफळं घेतली.

आत गेले तेव्हा चाचा गोंदाचा डबा उघडत होते.

"चाचा, सीताफळ," मी म्हणाले. मग डोळे मिटून, "मला ते वाकडंच पाहिजे होतं."

चाचांनी डबा खाली ठेवला. बाबांनी मात्र सीताफळ घेतलं.

"कायकू?" चाचांनी विचारलं. रागानं नाही. खरोखर कळत नव्हतं त्यांना.

"असंच."

"असंच नै चलता बेटा. टेढा भी माप में लगता. कितना टेढा? कौन सा कितना?"

आता एकसष्ट मापं कुठून आणायची? जे आईलाही कधी सांगितलं नव्हतं ते मग तोंडातून निघूनच गेलं. "वाळूजच्या बसमध्ये मी मागं उभी होते. ड्रायव्हरनं ब्रेक मारला. तेव्हा सगळी माणसं जशी पुढं कलली, तसं."



"तो ऐसा बोलना ना!" चाचा ओरडले आणि स्क्रू ढिले करायला बसले. "ये मोटा है, ये जास्ती जाता. ये मोबाइल देख रा, इसकू तो मालूमच नै. ये?"

"त्याला थोडं कमी. त्यानं दांडा धरलाय," मी म्हणाले.

"अन् ही म्हातारी," बाबा सीताफळाच्या बिया थुंकत म्हणाले. "हिला लई वाकवू नका, पडंल ना ती. शेजारच्यानं धराया पायजे."

शेजारच्यानं धरलं. त्या दुपारी मी जेवढी बोलले तेवढी अख्ख्या कॉलेजात बोलले नसेन. अजून, थोडं मागं, चाचा, हा जागेवरून उठतोय, याला सोडा. शेवटी पुढच्या कोपऱ्यातला एकच ठोकळा उरला. चाचांनी त्याच्यावर हात ठेवला.

"ये सीधा रहता."

"का?"

"ये ड्रायव्हर. ब्रेक कब मारना, उसकू मालूम रहता. उनो नै हिलता." मग गुण्याकडे बघून म्हणाले, "एक तो सीधा रहने दे बेटा. मार्केट में मेरा भी नाम है."

मी हो म्हणाले. गोंद लागला. बाबा हात धूत म्हणाले, "मिस्त्री, ह्ये झ्याक झालं. पन माझ्या चौकटीला ब्रेक मारू नका. ती सरळच पायजे."

रविवारी चाचांनी माझ्या आणि आईच्या देखत दवाखान्यात ते टांगलं. डॉक्टर मागं सरकल्या, पुढं आल्या, खूप वेळ बघत राहिल्या.

"सुंदर झालंय गं. पण तो कोपऱ्यातला एक चुकून सरळ राहिलाय का?"

चाचांनी स्टुलावरून माझ्याकडे पाहिलं. आईनं किल्ला सांगायला तोंड उघडलंच होतं.

"चुकून नाही," मी म्हणाले. "तो ड्रायव्हर आहे."

"कशाचा?"

"बसचा."

आईचं तोंड तसंच उघडं राहिलं. डॉक्टर पुन्हा भिंतीजवळ गेल्या आणि एकेक ठोकळा बघू लागल्या. चाचांनी मान डोलावली, आणि फ्रेम लेव्हलमध्ये आहे का ते तिसऱ्यांदा तपासलं.