नडगीतली पांढरी रेघ

किस्से उंदरांसारखे असतात. दोन पाळावेत, तर दिवाळीपर्यंत पिंजरा पुरत नाही! आमच्या नागपूरच्या प्रयोगशाळेत दोन्हींची पैदास जोरात होती. स्वातंत्र्याला दहाएक वर्षं झाली असतील. मी तिथे नवा डेमॉन्स्ट्रेटर, वर सान्यालसाहेब, आणि उंदरांचं सगळं पाहायला उमरेडच्या पार्वताबाई.

साहेबांना एकच वेड, शरीराला वाढवणाऱ्या संप्रेरकाचं. मेंदूच्या तळाशी जेमतेम हरभऱ्याएवढी गाठ असते, तिच्यातून ते पाझरतं. रक्तात ते मोजायची सोय आमच्याकडे नव्हती. मग उंदराची गाठ काढायची, की त्याची वाढ थांबते. त्याला रेड्याच्या गाठीचा अर्क टोचायचा, आणि काही दिवसांनी नडगीचं हाड उभं चिरून चांदीच्या क्षारात बुडवायचं. हाड काळं पडतं, टोकाशी वाढणारी मऊ कूर्चा तेवढी पांढरी रेघ होऊन उरते. रेघ जितकी रुंद, तितकं संप्रेरक जास्त.

मेच्या दुपारी वाळ्याचे पडदे भिजवून साहेब सूक्ष्मदर्शकातून त्या रेघेकडे बघत बसायचे. चहा गार व्हायचा, उंदीर झोपलेले असायचे. एकदा मी विचारलं, काय दिसतं?

"सकाळ," ते म्हणाले, "काळोखातून उजाडणारी." मला ते अजूनही पटतं.

*

रेड्याच्या गाठी कत्तलखान्यातून बर्फाच्या थर्मासमध्ये यायच्या. पुण्याचे एक पाहुणे प्राध्यापक भर उन्हातून आले, थर्मासमध्ये बर्फ वाजलेला ऐकला आणि पेला पुढे करून म्हणाले, नागपूरकर पाहुणचाराला पक्के! साहेबांनी झाकण उघडून दाखवलं. पाहुण्यांनी मग आमच्याकडे पाणीसुद्धा घेतलं नाही.

*

पार्वताबाईंची भाची यमुना एकोणीस वर्षांची, उंची माझ्या कोपरापर्यंत. घरी उमरेडला हातमाग. मागाखाली खड्डा असतो, विणणाऱ्याने काठावर बसून पाय खड्ड्यातल्या फळ्यांवर ठेवायचे. यमुनाचे पाय पोचत नसत. धाकट्या बहिणी विणायच्या आणि ही त्यांच्यासाठी सुताच्या कांड्या भरायची.

एकदा आत्याबरोबर प्रयोगशाळेत आली आणि साहेबांना म्हणाली, "लगन नाही झालं तं चालते जी. मले मागावर बसाचं हाय. उंदराले देऊन राहिले, ते मलेबी द्या."

साहेबांनी तिच्या गुडघ्याचा एक्स-रे काढवला आणि खिडकीशी धरला. कूर्चेची रेघ शाबूत होती, म्हणजे वाढायला अजून जागा होती. पण रेड्याचं संप्रेरक उंदराला लागू पडतं, माणसाला नाही. माणसाला माणसाचंच लागतं. साहेबांनी हे तिला अडखळत सांगितलं आणि त्या दिवसापासून माणसाच्या गाठीमागे लागले.

*

खूप खटपटीने शवागारातून एक गाठ मिळाली. जेमतेम एका उंदरापुरता अर्क निघाला. तो टोचला, दिवस भरले, नडगीची दोन्ही हाडं काढून रात्रभर बशीत ठेवली.

आता पार्वताबाईंच्या तोंडी "फुटलं" हा शब्द नव्हता. बांगडी जशी वाढते, तशी त्यांच्या हातून नळी वाढायची, बाटली वाढायची. आणि साहेब बंगाली, मराठी पुस्तकातून शिकलेले. सकाळी बाई म्हणाल्या, "साहेब, त्या नव्या उंदराची दोन्ही हाडं वाढली जी."

साहेब उठून उभेच राहिले. यमुनाला बोलावणं धाडायला निघाले, सगळ्या विभागाला संत्र्याची बर्फी वाटली! बाई खाईनात. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "बर्फी काहून वाटून राहिले गा? बशी पडली माह्या हातून. हाडाचा चुरा झाला."

साहेबांना खरं सांगायची पाळी माझ्यावर आली. त्यांनी बाईंना जवळ बसवून बर्फी खायला लावली. दुसरी गाठ काही मिळाली नाही. यमुनाला तसा निरोप गेला, तिचा उलट निरोप आला, औषध आलं की सांगा. मला फार वाईट वाटलं.

*

पुढे कधीतरी कामानिमित्त उमरेडला गेलो. पार्वताबाईंच्या भावाच्या घरात माग वाजत होता. मागावर यमुना, आणि पाय थेट फळ्यांवर! क्षणभर वाटलं, झोपेत कुणी येऊन हिला वाढवून गेलं. ती उठून उभी राहिली, तर तेवढीच, माझ्या कोपराला लागणारी. मी खाली वाकून पाहिलं. अर्धा खड्डा मातीने बुजवून फळ्या वर बांधल्या होत्या.

"औषध आलं का जी?" तिने विचारलं.

मी म्हटलं, अजून नाही.

"बरं झालं," ती पुन्हा मागावर बसत म्हणाली, "नाही तं खड्डा पुन्हा खोदा लागला असता."